काळा ओपल, साखर आणि ॲसिड: मी फसले का?

मृदा
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

आम्ही ॲडलेडला राहतो. सहा वर्षांपूर्वी इथल्याच एका दुकानातून चांदीच्या कोंदणातलं ओपलचं पेंडंट घेतलं होतं. काळाभोर खडा, आत हिरव्या-लाल-निळ्या बारीक ठिपक्यांची नुसती गर्दी. बिलावर 'ब्लॅक ओपल, साउथ ऑस्ट्रेलिया' असं लिहिलंय. गेल्या महिन्यात ते बेसिनच्या कडेवर आपटलं आणि खड्याच्या काठाला खरवड आली. ओळखीच्या एका कारागिराकडे पॉलिशला दिलं, तर परत आलं तेव्हा काठावर तांदळाच्या दाण्याएवढा करडा-पांढरा डाग! मी म्हटलं, हे काय केलंत? तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, हा साखरेचा ओपल आहे. काळा रंग वरवरचा असतो."

साखरेचा ओपल? मला वाटलं माझी चेष्टा करतोय. घरी येऊन शोधाशोध केली तर साखर, सल्फ्युरिक ॲसिड, अँडामूका मॅट्रिक्स असं कायकाय वाचलं आणि डोकं आणखीच फिरलं. माझा खडा खरा की खोटा? आणि डागाचं काय करू?

हणमंतअण्णा
मुंग्या लागल्या का ते बघा आधी. लागल्या तर साखरेचा, नाही तर खरा. 😀

तिरकस
जाणकारांच्या प्रतीक्षेत. तोवर चहा टाकतो, साखर पेंडंटमधून घेईन.

शंखासुर
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फसलात. काळा ओपल म्हणजे न्यू साउथ वेल्समधल्या लायटनिंग रिजचा, ज्या खड्याची जमीन, म्हणजे रंगांमागचा पाया, निसर्गतःच काळी असते. तुमचा दगड मुळात पांढरट, त्याला काळं फासलंय. केस काळे करून विशीतला म्हणवून घेण्यातला प्रकार.

गारगोटी
शंखासुर, जरा सबुरीने.

मृदाताई, खडा खोटा नाही. काच नाही, प्लास्टिक नाही, प्रयोगशाळेत बनवलेलाही नाही. वर्णनावरून तो अँडामूकाचा मॅट्रिक्स ओपल आहे आणि त्यावर प्रक्रिया झालेली आहे. खोटं आहे ते बिल. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात तर निम्मा त्रास कमी होईल.

मी इथल्या एका दगड-घासू क्लबात आठ वर्षं जातोय, हा दगड बराच हाताळलाय. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता कामावर आहे.

कुसुमावती
वाट पाहतेय गारगोटी. तोपर्यंत एक अवांतर. 'ओपल' हा शब्द आपल्याच 'उपल'वरून गेला असं बरेच कोशकार मानतात. उपल, मग ग्रीक ओपालिओस, लॅटिन ओपालस. गंमत अशी की उपल म्हणजे नुसता दगड. गारांच्या पावसाला उपलवृष्टी म्हणतात ती त्यामुळेच. आणि मराठीत गार म्हणजे आभाळातून पडते ती आणि गारगोटी म्हणजे जमिनीतली. म्हणजे या धाग्यावर उत्तर द्यायला योग्य आयडी आलेला आहे.

गारगोटी
😀 कुसुमताई, आयडी घेताना एवढा विचार केला नव्हता.

आता मुद्द्याचं. लांबेल, सांभाळून घ्या.

अँडामूका हे ॲडलेडच्या उत्तरेला साधारण ६०० किमीवरचं गाव. पोर्ट ऑगस्टा, मग वूमेरा, मग रॉक्सबी डाउन्स, तिथून पूर्वेला आणखी ३० किमी. १९३० साली अँडामूका स्टेशनवर काम करणाऱ्या दोघांना मोठं वादळ होऊन गेल्यावर टेकडीवर चमकणारे तुकडे दिसले, ही सुरुवात. पावसाने माती धुतली, ओपल उघडा पडला. त्याआधी १९१५ मध्ये कूबर पेडीला ओपल सापडला होता, तोही एका चौदा वर्षांच्या मुलाला, बाप सोनं शोधत असताना.

अँडामूकाला दोन प्रकारचा माल निघतो. एक चांगला घट्ट ओपल. १९५४ मध्ये राणी एलिझाबेथ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात आली तेव्हा तिला भेट दिलेला २०३ कॅरटचा ओपल इथलाच. दुसरा हा मॅट्रिक्स. यात ओपलची सलग शीर नसते. सच्छिद्र खडकाच्या कणाकणांमधल्या फटींत ओपल जिरलेला असतो. खडक आणि ओपल वेगळे काढता येत नाहीत, चिक्कीतला गूळ आणि दाणे काढता येत नाहीत तसे. कोरडा तुकडा हातात घेतलात तर तुम्ही फेकून द्याल. मळकट पांढरा, खडूसारखा. आता तो पाण्यात बुडवा. दोन मिनिटांत तो काळवंडतो आणि आतून हिरवे, तांबडे ठिपके वर येतात. बाहेर काढून ठेवा, वाळेल तसे ते परत विझत जातात. कच्चा माल घेताना आम्ही शेजारी पाण्याची बाटली ठेवतो ती यासाठीच. ओला असताना जो दिसतो, साधारण तसा तो प्रक्रियेनंतर दिसणार.

असं का होतं? रंग ओपलचे असतात, पण भोवतीच्या पांढऱ्या कणांवरून आणि रिकाम्या छिद्रांवरून इतका पांढरा उजेड विखुरतो की रंग त्यात बुडतात. पांढऱ्या फरशीवर रांगोळी काढून बघा. तीच सारवलेल्या अंगणात काढा. रांगोळी तीच असते.

म्हणजे हवं काय, तर ते अंगण सारवून कायमचं काळं करायचं. ते काम साखर आणि ॲसिड करतात. पुढचं उद्या.

हणमंतअण्णा
अँडामूका स्टेशनला फास्ट थांबते का?

गारगोटी
अण्णा, स्टेशन म्हणजे इथे गुरं-मेंढरं पाळायचं अफाट मोठं रान. रेल्वेचं नव्हे. फास्ट काय, स्लोही नाही.

रसायनी
साखर आणि ॲसिडचा भाग मी सांगू का? बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलंय.

बीकरमध्ये साखर घेऊन वर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड ओतायचा प्रयोग आठवतो का? आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी होते आणि फुगत फुगत बीकरच्या बाहेर येते. ॲसिडला पाण्याची जबरदस्त ओढ. साखरेच्या रेणूत १२ कार्बन आणि ११ पाण्याएवढे हायड्रोजन-ऑक्सिजन असतात. ॲसिड ते पाणी हिसकावून घेतं, मागे उरतो नुसता कोळसा. दगडाच्या छिद्रांत आधी साखरेचं पाणी मुरवलं असेल तर हा कोळसा त्या छिद्रांतच तयार होतो आणि तिथेच अडकून बसतो. कार्बन असल्यामुळे तो उन्हाने उडत नाही, पाण्याने धुतला जात नाही. रंगवण्यापेक्षा हे फार वेगळं आहे, शंखासुर.

शंखासुर
सर, आदर आहे, पण बाहेरून काहीतरी आत घातलं ना? नीलम तापवतात तेव्हा त्याचा स्वतःचाच रंग बदलतो. इथे परका कोळसा भरलाय. आणि तोही वरवर, नाहीतर ताईंच्या खड्याला डाग पडला नसता.

तिरकस
पाचूत तेल भरतात ते स्वतःचंच असतं का? खाणीतला पाचू स्वतःला तेल लावून बाहेर येतो?

शंखासुर
पाचूत तेल भरून तो दुसऱ्या जातीचा म्हणून विकत नाहीत. तुमचा पांढरा दगड 'ब्लॅक ओपल' म्हणून विकलाय. फरक आहे.

कुसुमावती
शंखासुर यांच्या या वाक्याशी सहमत. बाकीच्यांशी नाही.

प्लिनीभक्त
हे तंत्र आजचं नाही बरं का. प्लिनी थोरला, इसवी सनाचं पहिलं शतक, त्याच्या नैसर्गिक इतिहासाचा शेवटचा, ३७वा खंड रत्नांवर आहे. त्यात अरबस्तानातले काही दगड सात दिवस नि सात रात्री मधात अखंड उकळतात असा उल्लेख येतो. म्हणजे दगडाच्या छिद्रांत गोड पदार्थ मुरवायचा ही युक्ती दोन हजार वर्षं जुनी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या कारागिरांनी मध किंवा साखर आणि पुढे सल्फ्युरिक ॲसिड वापरून अकीक काळे करायला सुरुवात केली. बाजारात 'ब्लॅक ऑनिक्स' म्हणून जो मिळतो तो जवळजवळ सगळा असाच काळा केलेला. त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

त्याच प्लिनीने ओपलबद्दल लिहिलंय की माणकाची आग, जांभूळमण्याचा जांभळा आणि पाचूचा समुद्रहिरवा एकाच खड्यात नांदतात. आणि नोनियस नावाच्या सेनेटरची गोष्टही सांगितलीय. त्याच्याकडे हेझलनटएवढा ओपल होता, किंमत वीस लाख सेस्टर्स (रोमन नाणी). मार्क अँटनीची त्यावर नजर गेली, नोनियसचं नाव हद्दपारीच्या यादीत आलं. तो सगळी मालमत्ता सोडून पळाला, फक्त ती अंगठी घेऊन. प्लिनी दोघांनाही नावं ठेवतो: अँटनीच्या हावेला आणि नोनियसच्या हट्टालाही.

हणमंतअण्णा
आमच्याकडे नोनियसवहिनी आहेत. घराला आग लागली तर माझ्याआधी डबा उचलतील.

निळावंती
मला शंखासुर यांच्या बाजूने एक अनुभव सांगायचाय, पण तो अँडामूकाचा नाही.

मी काळा इथिओपियन ओपल घेतला होता, वेलो म्हणून विकतात तो. फार हलका वाटायचा हाताला. एकदा हातातून निसटून फरशीवर पडला आणि दोन तुकडे झाले. आतला भाग कोवळ्या नारळाच्या खोबऱ्यासारखा पिवळसर पांढरा, आणि काळेपणा म्हणजे बाहेरून कांद्याच्या सालीएवढा पातळ थर. नंतर कळलं की तो धुराचा आहे. दगड कागदात गुंडाळून तापवतात, कागद जळून धुमसतो आणि त्याची काजळी दगडात शिरते. म्हणजे माझ्याकडे साखरेचाही नाही, धुरी दिलेला ओपल होता. मला ते कोणी सांगितलं असतं तर कदाचित तरी घेतला असता. पण सांगितलं नाही ना!

दुसरा माझ्याकडे न काळवलेला वेलो आहे. तो घालून भांडी घासली तर पार काचेसारखा आरपार झाला, रंग गायब. मी रडकुंडीला आले. तीन दिवसांनी वाळला आणि सगळे रंग परत. मनात म्हटलं, नवऱ्यापेक्षा बरा, रुसला तरी तीन दिवसांत येतो.

गारगोटी
निळावंती, तो आरपार होणारा म्हणजे हायड्रोफेन. पाणी शोषून घेणारा. कच्चा तुकडा जिभेला लावला तर चिकटतो. (धूळ झटकून लावा.) हा माल इथिओपियाच्या वोलो (त्यावरूनच 'वेलो') भागात वेगेल टेना गावाजवळ २००८ मध्ये सापडला, उंच कड्यांमधल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरात. त्याआधी १९९४ मध्ये शेवा भागातल्या मेझेझोला तपकिरी गोळ्यांमधला ओपल निघाला होता, पण तो फार तडकायचा, त्यामुळे इथिओपियन ओपलचं नावच खराब झालं. वेलोने ते धुऊन काढलं. बिचाऱ्या वेलोला सगळे रंग पाजतात, निळा, जांभळा, गुलाबी, कारण तो पितो.

गंमत बघा, अँडामूका मॅट्रिक्स ओला झाला की रंग दिसतात आणि वेलो ओला झाला की रंग जातात. वेलोमध्ये ओपलच्या कणांमधल्या मोकळ्या जागेत पाणी शिरतं आणि कण आणि जागा यांतला फरकच पुसला जातो. मॅट्रिक्समध्ये पाणी भोवतीच्या खडकाचा पांढरेपणा मारतं, ओपलला फारसं छेडत नाही.

प्लिनीभक्त
अरे वा. मग १८२९च्या एका इंग्रजी कादंबरीतला प्रसंग आठवला. मंतरलेल्या पाण्याचे थेंब ओपलवर पडतात आणि तो एकदम निस्तेज होतो, तो घालणाऱ्या बाईचं पुढे काय होतं ते सांगत नाही. ती कादंबरी गाजली आणि ओपल अपशकुनी ही समजूत युरोपात पसरली. व्हिक्टोरिया राणीला ओपल आवडायचे म्हणून जरा सावरलं. निळावंतीताईंची भांडी घासताना नेमकं तेच झालं की!

रसायनी
कण कसले ते कोणी सांगितलं नाही. ओपलचे रंग हे रंगद्रव्याचे नसतातच. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा सिलिकाच्या एकसारख्या गोळ्या दिसल्या, दुकानात संत्री रचतात तशा शिस्तीत रचलेल्या. साधारण १५० ते ३०० नॅनोमीटरच्या. त्यांच्या रचनेवरून प्रकाश वळतो आणि रंग सुटे होतात. गोळ्या मोठ्या तर लालपर्यंतचे रंग, लहान तर निळा-जांभळाच. म्हणून लाल ओपल दुर्मीळ. गोळ्या वेड्यावाकड्या पडल्या असतील तर नुसता दुधी दगड, बाजारात त्याला पॉच म्हणतात.

संपादक
छान चाललंय, पण नवरे आणि वहिनी दुसऱ्या धाग्यावर नेता आल्या तर बघा.

गारगोटी
कालचं राहिलेलं.

क्रम महत्त्वाचा. दगड आधी कापून, घासून, जवळजवळ शेवटच्या आकाराला आणायचा. का, तर साखर किती आत शिरेल याचा भरवसा नाही. खडक भुसभुशीत असेल तर चांगली खोल जाते, घट्ट असेल तर मिलिमीटरभरही नाही. म्हणजे आधी काळा करून मग घासायला घेतला तर कमावलेलं सगळं चाकावर निघून जाणार. मृदाताई, तुमच्या कारागिराच्या चाकावर नेमकं तेच झालं.

मग दगड मंद उष्णतेवर पूर्ण वाळवायचा. इथे घाई नडते. मी पहिल्या खेपेला नडलो. नऊ तुकडे होते, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सुंदर तो मी ओलसर असतानाच तापवला. 'टक्' असा आवाज आला, बस्स. अजून टेबलावर ठेवलाय, दोन भाग जोडून. त्यानंतर दगड गरम साखरेच्या पाण्यात काही दिवस मुरत ठेवायचे. आमच्या घरी मंद आंचेच्या भांड्यात ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सगळ्या घराला गुऱ्हाळाचा वास. बायको म्हणाली, काकवी तरी होऊ दे.

बाहेर काढल्यावर वरची चिकट साखर पुसून घ्यायची. हे मी नीट केलं नाही, तर ॲसिडनंतर दगडावर काळी खरपुडी बसली आणि ती काढता काढता दोन तुकड्यांचे काठ पांढरे झाले. तुमच्या डागाचे सख्खे भाऊ.

ॲसिडचा भाग घरी करू नका. खरंच नको. तीव्र सल्फ्युरिक, आणि तेही गरम. आमच्या क्लबातले एक म्हातारे खाणकरी ते करतात, उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून, पूर्ण चेहरा झाकून. मला दहा फुटांवर उभं करतात. थंड झाल्यावर दगड धुवायचे, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचे आणि मग शेवटचं हलकं पॉलिश. म्हाताऱ्यांनी पहिल्यांदा माझ्या हातावर तो ओला काळा खडा ठेवला तेव्हा मी विचारलं, वाळल्यावर जातील का रंग? ते म्हणाले, थांब आणि बघ. अर्धा तास बघत बसलो. गेले नाहीत.

शंखासुर, म्हणून माझं म्हणणं एवढंच की रंग त्याचेच आहेत, काळोख उसना आहे. ज्या मॅट्रिक्समध्ये रंग नाही त्याला पोतंभर साखर खाऊ घाला, नुसता काळा दगड मिळेल. असेही मिळालेत, चार.

शंखासुर
काळोख उसना, हे आवडलं. पण उसना काळोख असेल तर भाव काळ्याचा का लावायचा?

ओपलच्या जमिनीचा टोन मोजायला एन-१ ते एन-९ अशी पट्टी असते. एन-१ ते एन-४ काळा, एन-५, ६ गडद, एन-७ ते ९ फिका. ही पट्टी नैसर्गिक टोनसाठी आहे. साखरेचा खडा एन-१ दिसेल, पण ते त्याचे मार्क नव्हेत, कॉपी केलेली आहे. आणि ऑस्ट्रेलियात दिशाभूल करून माल विकणं ग्राहक कायद्याविरुद्ध आहे. मृदाताईंनी त्या दुकानाला जाब विचारायला हवा. दगड कितीही सुंदर असो.

गारगोटी
भावाबद्दल १००% सहमत. लायटनिंग रिजच्या चांगल्या काळ्या ओपलपुढे ट्रीटेड मॅट्रिक्स कितीतरी स्वस्त असतो, असायलाच हवा. अँडामूकात तर कोणी लपवतही नाही, पाटीवर सरळ 'ट्रीटेड मॅट्रिक्स' लिहिलेलं असतं. लपवाछपवी गावापासून दूर गेल्यावर सुरू होते.

तिरकस
शंखासुर आणि गारगोटी सहमत झाले. धागा बंद करा, इतिहास घडला.

वाटसरू_७७
मी दोन वर्षांपूर्वी अँडामूकाला गेलो होतो. पानपट्टी म्हणाल तर नाही, पण गाव भन्नाट. निम्मी जमिनीत रुतलेली जुन्या खाणकऱ्यांची घरं आहेत, छपरं कमी उंचीची, आत शिरायला वाकावं लागतं. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा, त्यामुळे तीच शहाणी घरं. खाणीबाहेर टाकलेल्या मातीचे ढिगारे उपसून उरलेला ओपल शोधतात, त्याला तिथे नूडलिंग म्हणतात. मी अख्खा दिवस नूडलिंग केलं आणि एक बाटलीचं झाकण मिळवलं. परवानगी कुठे आहे ते आधी विचारून घ्या, दुसऱ्याच्या क्लेममध्ये (खाणकामासाठी नोंदवलेल्या जागेत) पाय टाकलात तर तिथले लोक गप्पांच्या मूडमध्ये नसतात.

आणि तिथली 'पेंटेड लेडी' बघाच. क्वार्टझाइटचा मोठा धोंडा फुटतो आणि आतल्या फटीच्या तोंडावर ओपलचा पातळ मुलामा असतो. निसर्गाने स्वतः फासलेला. शंखासुर, यालाही फसवणूक म्हणणार का?

शंखासुर
निसर्गाने बिल दिलं नव्हतं.

हणमंतअण्णा
😀😀 आज शंखासुरांकडून चहा. बिनसाखरेचा.

सोनचाफा
कामाचं विचारते. असा खडा असेल तर सांभाळायचा कसा? माझ्या सासूबाईंना कोणीतरी ओपल तेलात ठेवायला सांगितलंय.

गारगोटी
तेल नको. घट्ट ओपलला तेलाचा काही उपयोग नाही, आत जातच नाही. सच्छिद्र ओपलला मात्र अपाय होतो, तो तेल पितो आणि पिवळट दिसायला लागतो. अल्ट्रासोनिक मशीन नको, साबणाच्या पाण्यात भिजवणं नको, अत्तर थेट खड्यावर नको. मऊ ओल्या फडक्याने पुसायचा. आणि ओपल तसा मऊ, काठिण्य साडेपाच ते साडेसहा, साध्या धुळीतल्या वाळूनेही ओरखडतो. डबलेट असेल, म्हणजे ओपलची चकती काळ्या पाठीला चिकटवलेली, तर पाण्यात डिंक सुटतो. तो आधी बाजूने बघून ओळखा, सरळ रेषेचा सांधा दिसतो.

मृदा
बापरे, एवढं सगळं! सर्वांचे टंकनश्रम कारणी लागले.

गारगोटी, माझा खडा साखरेचाच आहे हे नक्की कसं ओळखू? आणि डागाला पुन्हा साखर देता येईल का?

गारगोटी
१० पटीचं भिंग घ्या, भर उजेडात. काळेपणा सलग शाईसारखा दिसण्याऐवजी मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले तर साखरेचा. रंगाचे तुकडेही बारीक, दाणेदार असतात.

पुन्हा प्रक्रिया होऊ शकते, पण खडा कोंदणातून काढावा लागेल.

रसायनी
काढावाच लागेल! मृदाताई, तुमचं कोंदण चांदीचं आहे ना? गरम तीव्र सल्फ्युरिक चांदी विरघळवतं. पेंडंटसकट बुडवलंत तर खडा काळा होईल आणि कोंदणाचं सिल्व्हर सल्फेट.

तिरकस
म्हणजे खडा ट्रीट होईल आणि चांदी पार्टी सोडून जाईल.

मृदा
आज दुपारी मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टचं भिंग घेऊन गच्चीत बसले. मिरपूड. अगदी तंतोतंत मिरपूड. काही ठिकाणी ठिपके एकमेकांना चिकटलेत, त्यांच्या मधून हिरवा.

दुकानाला बिलाचा फोटो जोडून मेल केलाय. उत्तर नाही. शंखासुर, पाठपुरावा करणार आहे, बिलावरचा शब्द बदलून घेतल्याशिवाय सोडणार नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. गारगोटींनी ओल्या दगडाचं लिहिलं होतं, म्हणून बोटाने पाण्याचा एक थेंब त्या डागावर ठेवला. आधी काही नाही. मग करडा रंग गडद होत गेला आणि डागाच्या आतून एक लाल ठिपका वर आला. मग शेजारी दुसरा, हिरवा. एवढ्याशा तांदळाच्या दाण्यात मी पाच मोजले. मग वाळायला लागला आणि एकेक करून गेले. मी परत थेंब ठेवला. मुलगा विचारत होता, आई, तू काय करतेस? उत्तर देता येईना.

सध्या तरी डाग तसाच ठेवतेय.

कुसुमावती
किती छान लिहिलंत.

गारगोटी
ठेवाच. माझे ते काठ पांढरे झालेले दोन तुकडेही मी पुन्हा साखरेत टाकले नाहीत, आत्ता लक्षात आलं.

हणमंतअण्णा
भिंग मुलाला परत द्या. प्रोजेक्ट राहील.

शंखासुर
ताई, त्या ओल्या डागाचा फोटो टाका ना. बघायचाय.

मृदा
चारदा प्रयत्न केला. फोन हातात घेईपर्यंत वाळतो.